गुंडीला एकटं ठेवताना

मावशीला स्ट्रेचरवरून खाली नेत होते तेव्हा तिने दोनच गोष्टी सांगितल्या. गॅस बंद आहे का बघ, आणि गुंडीला एकटं ठेवू नकोस. पहिली गोष्ट तिच्या भाच्याने लगेच केली. दुसरी त्याने धड ऐकलीही नाही. खुर्चीवर चढून पडदा लावताना मावशी पडली होती, खुब्याचं हाड मोडलेलं दिसत होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. अशा वेळी ही कुत्र्याचं काय घेऊन बसलीये, असंच त्याला वाटलं.

भाचा बावन्न वर्षांचा होता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं किल्ल्या करून देण्याचं आणि कुलपं दुरुस्त करण्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला किल्लीवाला म्हणत. बाब्या म्हणणारी मावशी एकटीच उरली होती. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली, आणि वडिलांचा तर त्याआधीपासूनच पत्ता नव्हता. मावशीने त्याला आपल्या खोलीवर आणलं आणि वाढवलं. शर्टांच्या कारखान्यात काजं करत तिने एकतीस वर्षं काढली, लग्नाचा विषय कुणी काढला तर हसण्यावारी नेला. किल्लीवाल्याचंही लग्न व्हायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता मावशी सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहत होती. सोबतीला गुंडी.

गुंडी मांजराएवढी, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. सहा वर्षांपूर्वी मावशीला ती भाजीबाजाराच्या मागे एका खोक्यात सापडली, तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी दिसली म्हणून नाव गुंडी. त्या दिवसापासून मावशी जाईल तिथे कापडी पिशवीतून गुंडीही जायची. वाण्याकडे, बँकेत, केस कापायला. सहा वर्षांत ती तासभरसुद्धा घरात एकटी राहिलेली नव्हती. हे किल्लीवाल्याला पुढे कळलं.

हॉस्पिटलमध्ये मावशीचं ऑपरेशन नीट झालं. पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा आपल्या पायांवर चालायला तीन महिने तरी लागतील, आणि तोवर हॉस्पिटलच्या व्यायाम विभागातच राहावं लागेल. किल्लीवाला गुंडीला, तिच्या वाटीला आणि मावशीच्या एका जुन्या स्वेटरला घेऊन आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत खायला ठेवलं, डोक्यावर हात फिरवला, “शहाण्यासारखी राहा,” म्हणाला आणि दाराला कुलूप लावून दुकानात गेला.

संध्याकाळी परत आला तेव्हा शेजारचं दार उघडं होतं आणि शेजारीण दारात उभी होती. ती नर्स होती. सगळा जिना तिला सिस्टर म्हणत असे. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणारा. सिस्टर कायम रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची, त्यामुळे इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं जिन्यात जाता-येता झालं असेल तेवढंच. आज तिचे डोळे लाल झाले होते.

“दादा,” ती म्हणाली, “तुमच्या घरात कुत्रं आहे का?”

आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. गुंडी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत रडत होती. मग आवाज बसला म्हणून थांबली.

किल्लीवाल्याने दार उघडलं. दाराच्या चौकटीचा रंग खालून हातभर खरवडून निघाला होता. पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या होत्या. फरशी लाळेने ओली होती, आणि वाटीतलं खाणं जसंच्या तसं होतं. गुंडी त्याच्या पायांवर चढली आणि इतकी थरथरायला लागली की त्याला तिला उचलूनच घ्यावं लागलं. तिच्या पुढच्या एका पंजाच्या नखाला रक्त लागलं होतं.

पुढच्या चार-पाच दिवसांत ज्याने जे सांगितलं ते त्याने करून पाहिलं. रेडिओ चालू ठेवला. दारातूनच दरडावलं. दुकानाशेजारच्या चांभाराने सांगितलं की मोठ्या खोलीत जीव घाबरतो, लहान जागेत ठेव, म्हणून एक दिवस तिला न्हाणीघरात ठेवलं. त्या दिवशी तिचं आणखी एक नख मुळापासून उपटलं गेलं. ते पाहून त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो रात्री जेवला नाही. आयुष्यभर लोकांची बंद दारं उघडत आलो, आणि आता स्वतःचं एक दार बंद करता येईना, असं तो चांभाराला म्हणाला. चांभार हसला. किल्लीवाल्याला हसू आलं नाही.

नखासाठी तो तिला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी पट्टी बांधली आणि मग सगळं विचारून घेतलं. गुंडी तुम्ही गेल्यावर किती वेळाने रडायला लागते? जायच्या आधी काही करते का? किल्लीवाल्याने आठवून सांगितलं की किल्ल्या हातात घेतल्या की ती धापा टाकायला लागते.

“हा हट्ट नाही, आणि खोडीही नाही,” बाई म्हणाल्या. “तिला भीती वाटते. तुम्ही गेलात म्हणजे आता परत येणार नाही, असं तिला खरोखर वाटतं. घाबरलेल्या जिवाला ओरडून काय होणार?”

मग त्यांनी काय करायचं ते समजावलं. पहिली गोष्ट म्हणजे, शिकून होईपर्यंत तिला एकटं टाकायचंच नाही, कारण प्रत्येक वेळी घाबरली की भीती आणखी पक्की होते. दुसरी, किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा खाली ठेवून बसायचं. चपला घालायच्या आणि काढायच्या. दार उघडायचं, लावायचं, जायचं नाही. या सगळ्याचं तिला काहीच वाटेनासं झालं की मग दाराबाहेर जायचं, पण ती घाबरायच्या आत परत यायचं. पाच सेकंद. मग दहा. जाताना निरोप नाही, आल्यावर लाड नाहीत. पोकळ रबरी खेळण्यात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे कोंबून द्यायचे, म्हणजे तोंडाला काम राहतं. अंथरुणात मावशीचा स्वेटर ठेवायचा.

“किती दिवस लागतील?” त्याने विचारलं.

“ते तिला विचारा,” बाई म्हणाल्या, आणि दारापर्यंत सोडायला आल्या. एवढ्याशा कुत्र्यासाठी त्यांनी पाऊण तास दिला, हे त्याच्या मनात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गुंडी मावशीच्या कापडी पिशवीत बसून स्कूटरवरून दुकानात यायला लागली. दुकान म्हणजे सहा फूट रुंद बोळ. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे. कुणी जोरात शिंकलं तरी सगळ्या किणकिणायच्या. पहिल्या दिवशी गुंडी काउंटरखाली बसून प्रत्येक किणकिणाटाला थरथरत होती आणि त्याच्याकडे बघत होती, आता हा जातो की काय म्हणून. तो जात नव्हता. किल्ली खिळ्यावरून काढायचा, यंत्रात अडकवायचा, घासायचा, गिऱ्हाइकाला द्यायचा आणि तिथेच उभा राहायचा. दिवसातून पन्नास वेळा किल्ल्या वाजल्या आणि पन्नास वेळा काहीच वाईट घडलं नाही. चौथ्या दिवशी तिने मान वर केली नाही. आठवडा संपता संपता एका बाईच्या हातून दोनशे किल्ल्यांचा अख्खा डबा फरशीवर सांडला, तेव्हा गुंडीने झोपेतच कूस बदलली. डॉक्टरीणबाईंना हे सांगायला त्याने मुद्दाम फोन केला. त्या म्हणाल्या, किल्लीवाल्याच्या घरी आली हे तिचं नशीबच.

दुकानातच तिला कायम ठेवावं असं त्याला वाटू लागलं होतं. पण किल्ली घासताना पितळेचा बारीक कीस उडतो. कितीही झाडलं तरी फटींत राहतो. दहाव्या दिवशी गुंडी लंगडायला लागली. पंजाच्या मऊ भागात पितळेचं एक कुसळ रुतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते चिमट्याने काढलं आणि म्हणाल्या की आता काउंटरवर पेटीत बसवा, पण ही काही कायमची सोय नाही. शिवाय दिवसातून दोन-तीनदा त्याला कुणाचं तरी अडकलेलं दार उघडायला जावं लागायचं, तेव्हा ती चांभाराच्या मांडीवर. चांभार तक्रार करत नव्हता, पण त्याची गिऱ्हाइकं करायला लागली होती.

मग घरचा सराव सुरू झाला. सकाळी दुकानाआधी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. दार उघड, बाहेर जा, पाच मोज, आत ये. पुन्हा. दहा मोज. पुन्हा. पहिल्या संध्याकाळी त्याने हे बावीस वेळा केलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यातून उतरताना थबकले आणि काही हरवलंय का म्हणून त्यांनी काळजीने विचारलं.

दोन मिनिटांपर्यंत ठीक चाललं. पुढे एक अडचण आली. तो दाराबाहेर उभा राहिला की गुंडीला त्याचा वास यायचा, ती फटीला नाक लावून बसून राहायची, पण ते काही एकटं राहणं नव्हतं. जिना उतरून खाली गेला की तिला तो गेल्याचं कळायचं, पण मग ती आत काय करते हे त्याला कळायचं नाही. परत आल्यावर ती शेपूट हलवायची. आधी रडून गप्प झाली होती की रडलीच नव्हती, हे शेपटीवरून कसं ओळखणार? डॉक्टरीणबाईंनी मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवायला सांगितलं होतं, पण त्याचा मोबाइल जुना, बटणांचा, बोलण्यापुरता.

एका संध्याकाळी तो माफी मागायला सिस्टरकडे गेला. त्या पहिल्या आठवड्यातल्या त्रासाबद्दल आपण तिच्याशी धड बोललोच नाही, हे त्याला डाचत होतं. आता रोज दाराचा आवाज येत असेल त्याचीही माफी मागितली आणि काय चाललंय ते सांगितलं. सिस्टरने ऐकून घेतलं. तिची झोपायची खोली आणि त्याची बाहेरची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही पातळ.

“मी पाचला उठते आणि सातला कामावर निघते,” ती म्हणाली. “मधला वेळ मी त्या भिंतीलाच टेकून चहा पीत असते. तुम्ही खाली जा. ती काय करते ते मी लिहून ठेवते.”

किल्लीवाला संकोचला. एवढ्यावरही तुम्हालाच त्रास, असं काहीतरी पुटपुटला.

“वॉर्डात कुणी रात्री रडायला लागलं तर मी जाऊन शेजारी बसू शकते, दादा,” सिस्टर म्हणाली. “इथे भिंतीपलीकडून नुसतं ऐकावं लागत होतं, काही करता येत नव्हतं. मला खरा त्रास त्याचा झाला.”

त्या दिवसापासून किल्लीवाला खाली जाऊन फाटकाशी उभा राहायचा आणि वर आला की दाराच्या कडीला एक चिठ्ठी अडकवलेली असायची. सिस्टर औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या आतल्या बाजूला लिहायची, आणि लिहायची ती पेशंटच्या कागदावर लिहितात तशीच. पाच दहा, घरातून गेले. पाच बारा, पेशंट दारापाशी. पाच चौदा, कुईकुई दोनदा. पाच पंधरा, खेळणं चाटण्याचा आवाज. पाच अठरा, शांत, तब्येत समाधानकारक. तब्येत समाधानकारक हे वाचून तो जिन्यात एकटाच हसला. या चिठ्ठ्यांमुळे त्याला पहिल्यांदाच कळायला लागलं की चौथं मिनिट कठीण असतं, ते निभावलं की पुढची पाच-सहा सोपी जातात. तो त्याप्रमाणे वेळ वाढवू लागला. महिन्याभरात गुंडी अकरा मिनिटांवर आली.

अकरावरच ती अडली. आठ दिवस झाले तरी बारावं मिनिट काही निघेना. आणि नेमकं तेव्हाच ते झालं.

रविवारची सकाळ होती. तो घरीच होता. फोन आला आणि पलीकडची बाई रडत होती. कपडे वाळत घालायला ती गच्चीत गेली, मागे दार धाडकन लागलं, आत दोन वर्षांची मुलगी आणि पेटता गॅस. किल्लीवाल्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि धावला. गुंडीला पिशवीत घालायला, स्कूटरवर बसवायला पाच मिनिटं गेली असती. ती पाच मिनिटं त्याच्याकडे नव्हती. शेजारी सिस्टरच्या दाराला कुलूप होतं, त्या दिवशी ती दुहेरी पाळीला गेली होती.

दार जाड होतं, कुलूप नव्या धाटणीचं होतं, शेवटी ते फोडावं लागलं. मुलगी आत जमिनीवर बसून चमचे वाजवत होती. आईने तिला उचललं आणि किल्लीवाल्याचा हात धरून ठेवला, सोडेचना. पण दार तसंच उघडं टाकून येता येत नव्हतं, दुसरं कुलूप बसवायला हवं होतं. सगळं होऊन घरी पोचायला त्याला अडीच तास लागले.

जिन्यातच त्याला कळलं, कारण काहीच आवाज येत नव्हता. गुंडी दाराच्या चौकटीशी आडवी पडली होती. लाकूड कुरतडून तिच्या हिरड्या रक्ताळल्या होत्या. त्याने हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले, पण क्षणभर तो कोण आहे हेच तिला कळलं नसावं. मग ओळख पटली, आणि ती सरपटत त्याच्या मांडीत आली. त्या संध्याकाळी त्याने दाराबाहेर नुसतं पाऊल टाकलं आणि तिने किंकाळी फोडली. पाच सेकंदसुद्धा नाहीत. दीड महिन्याचं सगळं पाण्यात गेलं होतं.

त्याने मनाशी ठरवून टाकलं. चांभाराच्या बहिणीकडे मोठं कुटुंब होतं, घरात चोवीस तास कुणी ना कुणी असायचं, कुत्र्याची त्यांना हौस होती. गुंडीला तिथे सुख लागलं असतं. फक्त मावशीला विचारायला हवं होतं.

व्यायाम विभागात लांबलचक खोली होती. दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये मावशी उभी होती, दोन्ही हातांनी धरून, ओठ घट्ट मिटून. व्यायाम करून घेणारी मुलगी तिच्या मागे होती. पाच पावलं टाकून मावशी खुर्चीत बसली आणि घाम पुसून म्हणाली, बोल. किल्लीवाल्याने सगळं सांगितलं. न्हाणीघराचंही सांगितलं, जे आजवर तिच्यापासून लपवलं होतं. आणि शेवटी विचारलं की गुंडीला चांभाराच्या बहिणीकडे देऊ का.

मावशीने विचारलं, “आता किती वेळ राहते?”

“पाच सेकंदही नाही.”

“तू पण असाच होतास,” मावशी म्हणाली.

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. लहानपणी तो एकटा राहायचा हे सगळ्या चाळीला माहीत होतं. पाच वर्षांचं पोर दिवसभर एकटं राहतं, रडत नाही, दार उघडत नाही, असं बायका आपापल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायच्या. त्यालाही त्याचा थोडा अभिमान होता. आपण मुळातच धीट, असं तो धरून चालला होता.

मावशीने मान हलवली. ते नंतरचं, म्हणाली. आई गेली तेव्हा त्याला सांगितलं होतं की ती बाजारात गेलीये, आणि त्याने ते खरं धरलं. त्यामुळे मावशी दाराकडे निघाली की तो किंचाळायला लागायचा, ओकायचा, श्वास कोंडून निळा पडायचा. शेजारच्यांकडे ठेवून पाहिलं तर तिथूनही पळाला. कारखान्यात सुट्टी नव्हती. तिने मुकादमाच्या हातापाया पडून काजांचं काम घरी मागून घेतलं, थंडीचे तीन महिने. आणि रोज सकाळी त्याला सांगायची, मी कामावर जाते, वीस मोजून येते. दार लावून बाहेर जिन्याच्या पायरीवर बसायची, वीस मोजायची, आत यायची. मग चाळीस. मग शंभर. पुढे शर्टांचं गाठोडं घेऊनच बसायला लागली. एक शर्ट झाला की आत. दोन शर्ट झाले की आत.

“तू दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर काढायचास,” ती म्हणाली. “मला दिसायची. मला ती धरावीशी वाटायची, पण धरली असती तर तुला कळलं असतं मी तिथेच आहे ते. मग सगळं फुकट. म्हणून मी पाय वर घेऊन बसायची.”

दांड्यांमध्ये आता दुसरंच कुणी चालत होतं, मुलगी पावलं मोजत होती.

“एकदा सव्वा तासावर आलेलं होतं,” मावशी पुढे म्हणाली. “मग माझा पाय मुरगळला, मी दवाखान्यातून उशिरा आले. झालं. पुन्हा तू वीसलाही तयार नव्हतास.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? पाचापासून पुन्हा.”

हे तिने इतकं सहज सांगितलं की त्याने दुसरीकडे बघितलं. गुंडीला द्यायची असेल तर दे, असंही ती पुढे म्हणाली. मी रागावणार नाही, तुझंही वय झालंय, दुकान आहे. पण हे सांगताना तिचा आवाज जरा पातळ झाला. तिने पुन्हा दांड्यांकडे हात केला, आणि मुलीने तिला उठवलं.

ती परत येऊन खुर्चीत बसली तेव्हा, जायच्या आधी तो खाली वाकून मावशीच्या पायांतले मोजे सारखे करू लागला. एक सैल होऊन खाली आला होता. तो वर ओढला, दुसराही ओढला, आणि तसाच थोडा वेळ तिचे पाय हातांत धरून बसला. सत्तेचाळीस वर्षांत त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काय केलं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मावशी म्हणाली, पुरे, लोक बघतायत.

त्या संध्याकाळी तो दाराबाहेर गेला नाही. नुसती कडी काढली, पुन्हा घातली आणि जमिनीवर येऊन बसला. असं दहा वेळा. दुसऱ्या दिवशी दार वीतभर उघडलं. चौथ्या दिवशी उंबऱ्याबाहेर गेला आणि पाच मोजले. सिस्टरला झालेलं कळलं होतं. तिने नवं खोकं फाडलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दिवस पहिला. चांभाराने आपल्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की कुत्रं नको असेल त्याने चपला दुसरीकडे शिवून घ्याव्यात. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आता जिन्यात भेटले की आज किती, असं विचारायचे.

दुसऱ्या खेपेला ती लवकर पुढे गेली. अकराव्या मिनिटाशी अडेल म्हणून किल्लीवाला धास्तावला होता, पण एका संध्याकाळी तो फाटकाशी कुणाशी तरी बोलत राहिला आणि चिठ्ठीत अठरा मिनिटं निघाली. मग पंचवीस. मग चाळीस. मधे एकदा शेजारच्या गल्लीत काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज झाला आणि ती चार दिवस मागे गेली. तो रागावला नाही. चार दिवस मागे गेला तोही. मावशीला भेटायला जाताना चिठ्ठ्या घेऊन जायचा. मावशी त्या मोठ्याने वाचायची आणि आपली पावलं सांगायची. तिची तीस झाली तेव्हा गुंडी दीड तासावर होती.

मग एका मंगळवारी त्याने सकाळीच तिला घरी ठेवलं आणि दुकान उघडलं. तीन तासांनी परत यायचं ठरलं होतं, आणि रात्रपाळीहून आलेली सिस्टर तेवढा वेळ जागी राहून ऐकणार होती. त्या तीन तासांत त्याने एक किल्ली उलटी घासली आणि एकाला दुसऱ्याचंच कुलूप दिलं. जिना चढताना कडीला चिठ्ठी दिसेना. सिस्टरचं दार बंद होतं. त्याने हळूच दार उघडलं. गुंडी स्वेटरवर गोल होऊन पडली होती, शेजारी रिकामं खेळणं. तिने एक डोळा उघडला, शेपटी दोनदा आपटली आणि डोळा पुन्हा मिटला.

चिठ्ठी दाराखालून आली, संध्याकाळी पाच वाजता. “क्षमा असावी,” सिस्टरने लिहिलं होतं. “मी झोपून गेले. काहीच ऐकू आलं नाही.”

त्याने ती तीनदा वाचली. मग शेजारचं दार वाजवलं. सिस्टरने केस बांधत दार उघडलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “सिस्टर, तुम्ही नसतात तर मी तिला देऊन टाकली असती.”

“मला पण झोप मिळाली की,” ती म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते. मग तिने आत बोलावून चहा केला, आणि त्याला त्याच भिंतीला टेकून बसायला लावलं. पलीकडे गुंडी पाणी पीत होती. तिची जीभ वाटीवर आपटल्याचा आवाजसुद्धा इथे येत होता. एवढं सगळं या बाईने ऐकलं, हे त्याला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

मावशीला हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हा साडेतीन महिने झाले होते. तिला आता आपल्याचकडे ठेवायचं त्याने ठरवलं होतं. मावशीने चार दिवस नाही नाही केलं आणि पाचव्या दिवशी आपली कात्री कुठे ठेवायची ते विचारलं. तिला आणायला जाताना त्याने गुंडीला घरी ठेवलं. सगळे कागद होऊन, टॅक्सी मिळून, काठी टेकत तीन मजले चढून होईपर्यंत चार तास झाले. प्रत्येक मजल्यावर मावशी थांबायची आणि कान देऊन ऐकायची. काही आवाज नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली.

दार उघडलं. गुंडी खिडकीखाली उन्हात झोपली होती. तिने मान वर केली, मावशीकडे पाहिलं, मोठी जांभई दिली, पुढचे पाय ताणले, मग मागचे ताणले.

“बघा,” मावशी दारातच म्हणाली, “साडेतीन महिन्यांनी आले, आणि हिला उठायची घाई नाही.”

किल्लीवाला इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. मावशी रुसल्यासारखं करत खुर्चीपर्यंत गेली आणि काठी बाजूला ठेवून बसली. गुंडी तेव्हा कुठे निवांत चालत आली, मावशीचे पाय हुंगले, ऑपरेशनच्या बाजूचा पाय जास्त वेळ हुंगला आणि त्याच्यावर हनुवटी टेकून बसली. मावशीने खाली हात नेला. तो पोचेना, म्हणून किल्लीवाल्याने गुंडीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

“जरा जाऊन येऊ का?” त्याने विचारलं. “दुकान बंद आहे सकाळपासून.”

“जा की,” मावशी म्हणाली. “आम्ही राहू.”